आकसदिवा

वैजयंताबाईंनी नातीला मांडीवर घेऊन "गुणाची गं माझी बाय" एवढंच म्हटलं, आणि पाळण्यावरचा दिवा लाल झाला.

"आत्याबाई!" सून ऋतुजा कणकेच्या हातानं धावत आली. "दुसऱ्यांदा झाला! तालुक्याला खबर गेलीसुद्धा. आता आणखी एकदा लाल झाला तर पोरीला बालगृहात नेतील. ओरडून बोला म्हणते ना मी!"

"अगं, तान्ह्या लेकरावर..."

ऋतुजानं त्यांच्या तोंडावर हातच ठेवला.

लेकरांना इजा करणारा माणूस आधीच ओळखावा, म्हणून सरकारनं जिथे मूल तिथे आकसदिवा बसवला होता. रागाची त्याला फिकीर नव्हती. राग काय, दुधासारखा उतू जातो नि खाली बसतो. आकस म्हणजे दुसऱ्याचं वाईट व्हावं ही मनात जपून ठेवलेली इच्छा. श्वास, आवाजातली थरथर, दोन शब्दांमधला थांबा मोजून दिवा ती हुडकायचा. 'आकस' या शब्दाचा अर्थ काही त्याला कळत नव्हता. माणसं आकस कशाला म्हणतात, एवढंच त्याला शिकवलेलं.

आणि शिकवलं कुणी? गावानंच. श्रावणात ओढ्याच्या दोन काठांवर दोन गावांच्या बाया उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात, ही इथली रीत. दिवा बनवणारी शहरातली मंडळी नेमकी त्याच दिवशी आवाज टिपायला आली. "यात आकस आहे का?" त्यांनी विचारलं. बायांची हसून मुरकुंडी वळली. "आवं, ही तर आमची माया!"

"मग आकस कसा असतो?"

तेव्हा वैजयंताबाईच पुढे झाल्या होत्या. "आकस ओरडत नाही, ताई. तो हळू नि गोड बोलतो."

सगळ्या बायांनी माना डोलावल्या. यंत्रानं तेच मनावर घेतलं.

तेव्हापासून गावात अंगाईसुद्धा खेकसून म्हणायची. आणि वैजयंताबाईंचा आवाज जन्माचा मऊ.

"शिव्या द्या!" ऋतुजा ओरडली. "हिच्यासाठी द्या!"

वैजयंताबाईंनी डोळे मिटले. "मुडदे! सटवे! कशाला आलीस गं जन्माला!"

दिवा हिरवा झाला. पोर दचकून रडायला लागली.

"थांबू नका! आता मला द्या!"

"भवाने! माझा लेक तोडलास माझ्यापासून! सत्यानाश होईल तुझा!"

बोलता बोलता त्यांच्या पोटात काहीतरी गार, जड हललं. ही नुसती शिवी नव्हती. कधीपासून बसलं होतं हे तिथं? घाबरून त्यांनी वर पाहिलं. दिवा हिरवागार.

ऋतुजानं पोरीला उचलून छातीशी घट्ट धरलं. ऋतुजा हसत नव्हती.

"तुम्ही मेल्याशिवाय या घरात मला मोकळा श्वास मिळायचा नाही, थेरडे!"

दिवा हिरवाच.

वैजयंताबाईंना जवळ जाऊन, सुनेच्या पाठीवर हात ठेवून एकच विचारायचं होतं: खरंच का गं?

पण हे ओरडून कसं विचारायचं?