नकट्या नाकाची अथीना

टिंग...

दुपारच्या शांततेत नखाचा आवाज झाला. माझी पाच वर्षांची थिआनो कोनाड्यातला प्याला काढून वाजवून बघत होती. तडा गेलेला प्याला असा वाजत नाही, हे आमच्या अथेन्सच्या कुंभारवाड्यातली पोरं चालायच्या आधी शिकतात.

तो प्याला द्रोमोनचा.

बाबांच्या कारखान्यात चित्रं काढायला तो कॉरिंथहून आला, त्या दिवशी मी दारातच त्याला धडकले. वाडग्यातला सगळा मातीचा लेप त्याच्या नव्याकोऱ्या अंगरख्यावर. संध्याकाळी त्याने रेखाटलेली अथीना माझ्यासमोर आली — नाक थेट माझं.

"देवीचं नाक असं नकटं असतं होय?"

"हातावर तिचं घुबड बसवलंय की," तो मान खाली घालूनच म्हणाला. "मग नाकाकडे कोण बघतंय... मी सोडून."

तो रेघा ओढायचा, रेघांबाहेरचं सगळं मी लेपाने भरायची. भट्टीत लेप काळाभोर व्हायचा, आणि मी सोडलेल्या जागेतून त्याचे देव, त्याचे वीर तांबूस उजळून निघायचे. वर्षभर आम्ही असेच बोललो.

मग त्याचं इटलीला जायचं ठरलं. निघायच्या आधी त्याने हा प्याला माझ्यापुढे सरकवला. गलबतावर वीर थीसियस. कथेत तो आपल्या प्रेयसीला, आरियाद्नीला, बेटावर झोपेतच सोडून जातो. इथे मात्र ती त्याच्याशेजारी बसली होती. टोकदार काडीने कोरलेली, पुसट... आणि नकटी.

"हिला तशीच ठेवलीस, तर बंदरावर ये," तो म्हणाला. "भरून टाकलीस तर — भट्टी उघडली की कळेलच मला."

आत बाबा भट्टीच्या धुराने डोळे गेल्यामुळे प्याले चाचपत मलाच हाका मारत होते. त्यांना दुसरं कुणी नव्हतं.

मी पायांपासून भरायला घेतलं. वस्त्राच्या चुण्या, हात, केस. नाक सगळ्यात शेवटी.

भट्टी उघडली. त्याने प्याला फिरवून पाहिला. मग तो माझ्या ओंजळीत ठेवून हळूच म्हणाला, "म्हणजे थीसियस एकटाच गेला म्हणायचा."

रागावला असता, तर सोपं झालं असतं.

थिआनोने प्याला उन्हात तिरका धरला. काळ्याखालच्या बारीक चरांवरून तिचं बोट फिरत होतं.

"आई, इथं काळ्यात एक बाई बसलीय. नाक माझ्यासारखं आहे." बोट थांबलं. "तिला कुणी गं लपवलं?"