हितेंद्रची चूल

लालबागमध्ये वाळक्या काड्या मिळवणं किती जिकिरीचं असतं, हे तुम्हाला सांगून पटायचं नाही. कामावरून येताना मी परळच्या फुटपाथवर गुलमोहराच्या गळलेल्या काटक्या वेचायचे. लोक बघायचे. बघू देत. घरी आई त्यांची वाट बघत बसलेली असायची.

चूल माझ्या धाकट्या भावाची, हितेंद्रची. ट्रेकला न्यायची, स्टीलची, मिठाईच्या डब्याएवढी. बोटभर लांबीच्या काड्या आत रचून वरून पेटवायच्या. खालच्या भोकांतून वारा शिरला की दोन-चार मुठी काड्यांत एकाचा भात शिजतो. विकत आणली तेव्हा त्याने चाळीच्या गॅलरीतच चहा करून दाखवला होता. शेजारच्या काकूंनी धुरावरून त्याला फैलावर घेतलं आणि त्याच चहाचा अर्धा कप पिऊनही गेल्या.

दिवाळीनंतर तो मित्रांबरोबर एका आडबाजूच्या गडावर गेला. सकाळी काटक्या आणायला म्हणून रानात उतरला, तो परत आलाच नाही. शोधणाऱ्यांनी दऱ्या पालथ्या घातल्या. मित्रांनी आणून दिली ती त्याची सॅक, भाताचा टोप आणि ही चूल.

तेव्हापासून आई रोज तिन्हीसांजेला गॅलरीत ती चूल पेटवायची. त्याच्याच टोपात त्याच्यापुरता भात. "मयताच्या घरात चूल पेटणा नाय," म्हणायची. "त्याची चूल पेटता. म्हणजे माझो झील जिवंत असा."

भात शिजला की झाकण ठेवून ती देवापाशी दिवा लावायला आत यायची. मग जाऊन झाकण काढायची. भातात चार बोटांचा खड्डा पडलेला असायचा. आधी मी मांजराला शिव्या घातल्या. मग एकदा स्वतःच दारात उभी राहिले आणि टोपावरून नजर काढली नाही. झाकण जागचं हललं नाही. आईने ते उचललं तेव्हा अर्धा भात नव्हता... आणि बोटं ओढलेली खूण डाव्या हाताची होती. हितेंद्र डावखुरा. टोपातून ओल्या दगडाचा आणि वटवाघळांचा वास येत होता.

"जेवलो गो तो," आई हळूच म्हणाली.

मला भीती वाटली, खरं सांगते. पण दुसऱ्या दिवशी मी जास्तच काड्या वेचल्या.

शिवडीच्या गोदामात कामाला असलेला लवूमामा, आईचा भाऊ, त्याला मात्र तिची ही दशा बघवेना. त्याने गुपचूप पालाशविधी ठरवला. ज्याचा देह सापडत नाही, त्याचा पळसाच्या देठांचा पुतळा करतात आणि त्या पुतळ्याला अग्नी देतात. अग्नी दिला की माणूस गेला. त्यासाठी बारा वर्षं थांबायचं असतं म्हणे. मामा म्हणाला, "बारा वर्षांत माझी बहीण जाईल त्याचं काय?" मी हो म्हटलं. मीही थकले होते. त्याने देठांची जुडी आणली आणि आईला दिसू नये म्हणून पेपरात गुंडाळून खाटेखाली सारली. विधीच्या सकाळीच तिला सांगायचं, असं आमचं ठरलं.

त्या संध्याकाळी फुटपाथ झाडून काढलेला होता. मी रिकाम्या हाताने घरी आले. बघते तर गॅलरीत चूल पेटलेली. धूर नव्हता, पण केस जळाल्यासारखा वास येत होता.

"आई... काड्या कुठल्या?"

"लवून हाडून ठेवलेल्यो. खाटेखाली." आई कितीतरी दिवसांनी हसली. "तोंडान काय पण बोलता, पण भाच्याची काळजी असा त्याका."

चुलीशेजारी पेपर उलगडून पडला होता. मी चुलीपाशी धावले. आत निखारेसुद्धा उरले नव्हते, नुसती पांढरी राख. आईने झाकण उचललं. भात जसाच्या तसा, वरचं एक शीतही हललेलं नव्हतं.

"आज जेवाक नाय गो तो..."

दोन दिवसांनी फोन आला. गुराख्यांना एका गुहेत हितेंद्र सापडला होता. पाय मोडलेला. ओळख पटवायला मी आणि मामा गेलो. तिथल्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर माझ्याकडे न बघता बोलत होते. "इतके महिने हरवला होता म्हणता... हा परवा संध्याकाळपर्यंत जिवंत होता. उपाशीही नव्हता. नखांत भाताची शितं आहेत." मग थांबून म्हणाले, "गुहेत जाळ नाही, राख नाही. मग हा डोक्यापासून पायापर्यंत भाजला कसा?"

त्यानंतर मामा आमच्या घरी आलेला नाही.

आईला आम्ही एवढंच सांगितलं की तो दरीत पडून गेला. ती ऐकून घेते आणि रोज दिवेलागणीला मला एकच विचारते, "त्या सांजे कित्याक जेवाक नाय गो तो? भात कच्चो रवललो काय?" मी काय सांगू? भात चांगला शिजला होता, आई. इतका चांगला कधीच शिजला नव्हता. हे माझ्या तोंडून निघत नाही. मला आता जगावंसंही वाटत नाही, पण तिला सोडून जाऊ कुठे?

चूल पुन्हा पेटवली नाही. राखेसकट फडक्यात बांधून मी ती माळ्यावर ठेवली आहे. रोज तिन्हीसांजेला आई देवापाशी बसली की मी गाठ सोडून राखेला हात लावून बघते. ती अजून गरम असते.

काल राखेत चार बोटांचा खड्डा पडला होता.