तपासणीआधीची धाव

तो आला तेव्हा मी शहाद्याच्या लॅबमध्ये मास्क लावून नळ्यांवर नावे लिहीत होते. शर्ट घामाने चिकटलेला, केसांत उसाची पाचट. खुर्चीत बसला नाही, कोसळलाच.

"मॅडम, रगत ल्या लवकर. हृदय आते एकदम साफ शे!"

"कसं काय?"

"गावथून पयत उनू!"

चिठ्ठीवर नाव होते अमृत. चाचणी शरीरातला दाह मोजणारी, हृदयविकाराचा धोका जोखण्यासाठी. आणि हा, पाहुणे यायच्या आधी अंगण झाडावे तसा, सुई टोचण्याआधी पळून आला होता.

"आज रक्त घेणार नाही," मी म्हटले. "सवय नसताना इतकं पळालात की स्नायू दुखावतात. दाह वाढलेलाच दिसेल."

"म्हंजे... पयाले नको व्हतं?"

"रोज चाला. नियमित व्यायामाने तोच दाह हळूहळू उतरतो, रक्तदाबही. पण एका सकाळीत नाही."

त्याचा चेहरा उतरला. "मन्हा बाले हार्ट अटॅक उना व्हता. म्हनीसन पोरगीना बापनी रिपोर्ट मांगा. तो चांगला उना तवयच पोरगीना फोटो दखाडतीन म्हने. भलता कडक माणूस! प्रकाशा गावना पितांबरभाई."

मी हातातला कापूस खाली ठेवला. पितांबरभाई म्हणजे माझे बाबा. ते माझ्यासाठी स्थळे पाहताहेत हे ठाऊक होते... पण केळीचा घड पारखावा तसा नवरा मुलगा?

"काही आठवडे चाला, मग या," इतकेच बोलले.

लॅब उघडण्याआधी मी कॉलेजच्या मैदानावर चालते. दुसऱ्याच दिवशी तो तिथे. मास्कशिवाय मला ओळखायला त्याला अख्खी फेरी लागली.

"मॅडम... तुम्ही? मन्ही धडधड वाढनी."

"चढावर वाढतेच."

"मैदान तं सपाट शे!"

मी चालण्याचा वेग वाढवला. हसू दिसू नये म्हणून.

मग रोजच गाठ पडू लागली. हळूहळू त्याचा दम लागणे कमी झाले. माझे वाढले, आणि त्याचे कारण पुस्तकात शोधायची गरज नव्हती.

चाचणीच्या सकाळी तो विश्रांती घेऊन, शांत आला. बाही वर केली... आणि पुन्हा खाली ओढली.

"रगत देवानं नही."

"का?"

"रिपोर्ट चांगला उना तं पितांबरभाईनी पोरगी गळामा पडी! मी नही सांगी दिसू. मन्हं मन... दुसराकडे शे."

लॅबमध्ये मी होते आणि पंखा होता. तो पंख्याकडे पाहत नव्हता.

"समजी ऱ्हायनात ना, मॅडम?"

"समजतंय," मी म्हणाले. "पण पितांबरभाईंना नकार दिलात, तर माझा हात मागायला कुणाकडे जाल?"

तो बघतच राहिला. कान आधी लाल झाले, मग सगळा चेहरा. मग त्याने दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत सरकवल्या आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"ल्या, मॅडम! दोन्हीमांथून ल्या!"