चाळीस ग्रॅम कमी

नौशीन तिथं फक्त चष्मा द्यायला गेली होती, हे आधीच सांगून ठेवते. नंतर तिच्या खालानं, म्हणजे मावशीनं, सगळीकडे भलतंच सांगितलं.

ओमानमधल्या कुरुमच्या ज्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची, तिथल्या एका गिऱ्हाइकानं नेमबाजीचा, पिवळ्या काचांचा चष्मा करायला टाकला आणि न्यायला विसरला. त्याचा क्लब रुस्ताकच्या रस्त्यावर, डोंगराच्या पोटात. नौशीन दर गुरुवारी त्याच रस्त्यानं घरी, अब्बांकडे जायची. मालक म्हणाला, "यल्ला, जाता जाता देऊन टाक." बस, एवढंच. चष्मा दिला असता आणि निघाली असती तर पाच मिनिटांचं काम होतं.

पण समोर एक माणूस पळत होता. पळता पळता कमरेचं पिस्तूल काढलं, दोन कागदी निशाण्यांवर दोन-दोन गोळ्या, मग आडोशामागे वाकून पाच लोखंडी ताटल्या – टण, टण, टण, टण, टण. सगळं मिळून नऊ सेकंद. नेमबाजी म्हणजे श्वास कोंडून एका जागी उभं राहायचं, अशी हिची आजवरची समजूत. आणि तोंडातून आपोआप मराठीत निघालं, "अगं बाई… हे मला जमेल?"

"जमेल की," मागून कुणीतरी म्हणालं, "पण आधी ते गोळ्यांच्या आवाजासाठी दारात दिलेलं, कानावरचं सरळ करा. उलटं घातलंय."

तिनं वळून पाहिलं. सव्वीस-सत्तावीसचा असेल. हाताला तेल, कपाळालाही तेल, आणि चेहऱ्यावर असं हसू की राग यावा की येऊ नये ते कळेना. ताबिश त्याचं नाव, मुरुडचा. क्लबातली पिस्तुलं साफ करणं, दुरुस्त करणं आणि सामन्याच्या दिवशी खेळाडूंचं सामान नियमात बसतंय का ते तपासणं, ही त्याची नोकरी.

"तुम्ही मराठी?"

"तुम्ही पण?"

"आम्ही रत्नागिरीचे. राजिवड्याचे."

"मग तर शेजारीच," तो म्हणाला. मुरुड आणि रत्नागिरी शेजारी कधीपासून झाले, हे तिनं विचारलं नाही.

त्यानं सरावाचं निळं, प्लास्टिकचं पिस्तूल तिच्या हातात दिलं. तिनं ऐटीत उजव्या हातात धरलं, नेम धरला… आणि मान वाकडी केली.

"मान का वाकडी होते तुमची?"

"कुठं होते?"

"थांबा. दोन्ही हात पुढं करा, बोटांचा त्रिकोण करा. आता त्यातून माझ्या नाकाकडे बघा." तिनं पाहिलं. तोही बघत राहिला, जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "मला तुमचा डावा डोळा दिसतोय. हात उजवा, पण नेम धरणारा डोळा डावा. काम काय करता तुम्ही?"

"डोळे तपासते," नौशीन पुटपुटली. ही तपासणी ती कॉलेजात शिकली होती, शंभर जणांवर केली होती. स्वतःवर करायचं कधी सुचलंच नव्हतं.

तो हसला नाही. हसला असता तर ती पुन्हा आली नसती. "सोपं आहे," एवढंच म्हणाला, "पिस्तूल बोटभर डावीकडे धरायचं. मान सरळ ठेवायची."

पुढच्या शुक्रवारी ती परत आली. सोबत हवाबी खाला आली, चहाचा थर्मास आणि क्रोशाची पिशवी घेऊन. नौशीन आठवडाभर कुरुममध्ये तिच्याकडेच राहायची, तेव्हा भाचीला एकटीला सोडायचं कसं? खालानं बाक पकडलं, ते सहा महिने सोडलं नाही.

ताबिशनं टेबलावर तीन पिस्तुलं मांडली. क्लबचीच, क्लबाच्याच कपाटात राहणारी. तिन्ही उघडून रिकामी असल्याचं दाखवलं. एक छोटं, चांदीसारखं चकचकीत. एक प्लास्टिकच्या मुठीचं, हलकं. तिसरं काळं, पोलादी, किलोभर वजनाचं धूड. नौशीनचा हात सरळ चकचकीतवर गेला.

"दागिने घ्यायला आलात?"

"मग काय, तो हातोडा घेऊ?"

"छोटं पिस्तूल हातात नाचतं. गोळी सुटली की उडतं, ते खाली येईपर्यंत दुसऱ्याच्या दोन गोळ्या झालेल्या असतात. जड पिस्तूल धक्का स्वतः खातं, तुम्हाला देत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "डोळे मिटा."

"का?"

"दिसण्यावर भाळू नये म्हणून. मिटा तर खरं. एकेक हातात देतो, समोर धरायचं, मग डोळे उघडायचे. ज्याची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची खूण, मागच्या खाचेत आपसूक बसलेली दिसेल ते तुमचं."

चकचकीत – माशी आभाळात. प्लास्टिकचं – माशी उजवीकडे. तिसरं जड होतं, पण मूठ हातात अशी बसली की बोटांना काही सांगावं लागलं नाही. तिनं डोळे उघडले. माशी खाचेत, मधोमध.

"हं," ताबिश म्हणाला.

"हं," नौशीन म्हणाली.

मग नियमांचे धडे सुरू झाले. तिचा गट प्रॉडक्शन, म्हणजे कारखान्यातून निघालेलं साधं पिस्तूल. भिंग नाही, लाल ठिपका नाही, नळीला झटका कमी करणारं तोंड नाही. ज्यांना ते सगळं हवं त्यांच्यासाठी ओपन गट, तिथली पिस्तुलं म्हणजे शर्यतीच्या मोटारीच. पट्टा कुठं बांधायचा तेही ठरलेलं, आणि शरीर आणि पिस्तूल यांच्यामध्ये पन्नास मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही. ते मोजायला लाकडाचा एक ठोकळा होता. ताबिशनं तो हातात घेतला, तिच्या कमरेकडे पाहिलं, कानापर्यंत लाल झाला आणि ठोकळा खालाच्या हातात दिला.

"हे… तुम्हीच मोजा."

खालानं मोजलं. "दोन बोटं अंतर होय? चांगला नियम आहे," ती म्हणाली, "तू पण पाळ हो, बाबा."

शुक्रवारमागून शुक्रवार गेले. नौशीन पळायला शिकली, पळताना बोट ट्रिगरबाहेर ठेवायला शिकली. दुकानात गिऱ्हाइकाला "खालची ओळ वाचा" म्हणता म्हणता मनात ताटल्या मोजायची. आणि रोज संध्याकाळी फोनवर ताबिशचा मेसेज, "आज किती वेळा हात पुढं केला?" "चाळीस." "मान?" "सरळ." "आणि बाकी?" या "बाकी"चं उत्तर ती कधीच द्यायची नाही. वाचायची मात्र दहादा.

डिसेंबरात अर्बाबनं, म्हणजे क्लबच्या ओमानी मालकानं, जाहीर केलं की फेब्रुवारीच्या सामन्यात प्रॉडक्शन गटात जी बाई पहिली येईल ती क्लबच्या संघातून दोहाला जाईल. बायका पाच. नौशीनचे आकडे चौघींच्या पुढं होते. आयुष्यात पहिल्यांदा तिला काहीतरी इतकं हवं होतं की जेवण जात नव्हतं.

एकच अडचण होती. त्या पोलादी पिस्तुलाचा पहिला दाब, म्हणजे पहिल्या गोळीला ट्रिगर ओढायला लागणारा जोर, फार कडक होता. तिची बोटं आखूड, ट्रिगर लांब. जानेवारीत तर्जनीला फोड आला, फुटला, पुन्हा आला. ती बोलली नाही. पण ताबिशनं ट्रिगरवर रक्ताचा बारीक डाग पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"सांगायचं नाही?"

"सांगून काय होणार?"

त्यानं कंपनीचीच, नियमात चालणारी, जरा मऊ स्प्रिंग बसवली. पहिल्या दाबाला किमान दोन किलो दोनशे सत्तर ग्रॅम लागले पाहिजेत, हा नियम. त्यानं मोजलं तेव्हा दोन किलो दोनशे नव्वद भरले, वीस ग्रॅम वर. फोड बसला. नौशीनच्या गोळ्या लोण्यात सुरी जावी तशा जायला लागल्या. ती त्याला म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी फार करता." तो म्हणाला, "बोट तुमचं आहे, दुखतं मला." बोलून गेला आणि घाईघाईनं पिस्तूल पुसायला लागला, जे आधीच दोनदा पुसलेलं होतं.

सामन्याच्या सकाळी अब्बा आले. हुसैनमियाँ म्हणजे रुस्ताकच्या सूकातले, बाजारपेठेतले जुने व्यापारी, लोबान आणि सुके लिंबू विकणारे. बंदुका बघायची त्यांना हौस नव्हती, लेकीला बघायला आले होते. पांढरा सदरा, हातात तसबीहची माळ, सामानतपासणीच्या टेबलाजवळच उभे राहिले.

नौशीनचा नंबर आला. पट्टा पास. अंतर पास. पिस्तूल मापाच्या पेटीत बसलं, पास. मग ताबिशनं रिकामं पिस्तूल नळी वर करून धरलं, ट्रिगरच्या मध्यावर नियमाच्या वजनाचा आकडा अडकवला आणि ते वजन हळूहळू टेबलावरून उचलायला लागला. वजन वर यायला हवं आणि पिस्तुलामागचा घोडा पडायला नको.

टक.

घोडा पडला. नौशीनला वाटलं, चुकून झालं. तीनदा संधी असते. दुसऱ्यांदा, टक. ताबिशनं आकडा काढला, पुन्हा बरोबर मध्यावर लावला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पाहिलं नाही. तिसऱ्यांदा… टक.

त्यानं काट्यावर मोजलं. दोन किलो दोनशे तीस. महिनाभरात हजारभर गोळ्या झाडल्या होत्या, नवी स्प्रिंग बसून सैल पडली होती. पुन्हा मोजायला हवी होती, आणि तो विसरला होता.

"चाळीस ग्रॅम कमी," तो म्हणाला. "आता पिस्तूल बदलता येत नाही. नियमाप्रमाणे… ओपन गट."

"ताबिश." ती पहिल्यांदा नुसतं नाव घेऊन बोलली. "चाळीस ग्रॅम. एका लिंबाएवढं."

"हो."

"तुम्हीच बसवलीत ती स्प्रिंग."

"हो. अर्बाबना तेही सांगणार आहे." आणि त्यानं तिच्या कागदावर ओपन लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं.

तिला रडू आलं नाही, संताप आला. असला संताप की पाय थांबेनात. ओपन तर ओपन. लाल ठिपक्यांच्या, झटका न देणाऱ्या पिस्तुलांच्या सतरा पुरुषांमध्ये ती आपलं काळं धूड घेऊन उभी राहिली. शिट्टी झाली. मान सरळ, पिस्तूल बोटभर डावीकडे… आणि मग तिला काही आठवत नाही, फक्त ताटल्या पडताना आठवतात. एक, दोन, पाच, आठ. आडोशामागे गुडघा खरचटला तोही नंतर कळला. शेवटची गोळी सुटली तेव्हा बाकावरची खाला क्रोशा टाकून उभी होती.

ओपनमध्ये ती अकरावी आली. प्रॉडक्शनच्या चारही बायकांपेक्षा तिचे गुण जास्त होते, पण त्या हिशेबाला अर्थ नव्हता. दोहाचं नाव दुसऱ्या मुलीचं लागलं. तेव्हा मात्र तिला रडू आलं.

अब्बा शेजारी येऊन बसले.

"तो पोरगा कुणाचा?"

"कोण?"

"वजन धरणारा. बेटा, मी चाळीस वर्षं तराजू धरलाय. तो आकडा ट्रिगरवर नखभर वर सरकवला असता ना, तर घोडा पडला नसता. मला तिथून दिसत होतं, त्याला दिसत नव्हतं होय? तीनदा त्यानं तो मधोमधच लावला. आणि तीनही वेळा तुझ्याकडे बघायचं टाळत होता." ते उठले. "जेवायला बोलव त्याला."

नौशीन बसूनच राहिली. आकड्याचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. नखभर. कुणालाही कळलं नसतं, तिलासुद्धा.

ताबिश दुरुस्तीच्या खोलीत एकटाच बसला होता, समोर ती स्प्रिंग काढून ठेवलेली. ती दारात उभी राहिली तसा तो उठला.

"मी तुमची जागा घालवली."

"घालवलीत."

"अर्बाबना सांगितलं. म्हणाले, पुढच्या वेळी सामन्याच्या आदल्या दिवशी मोज." त्यानं टेबलावरची स्प्रिंग बोटानं फिरवली. "तुम्ही बोलणार नसाल माझ्याशी तर…"

"दोन्ही हात पुढं करा," नौशीन म्हणाली.

"काय?"

"त्रिकोण करा. आणि माझ्याकडे बघा. सकाळपासून एकदाही बघितलं नाहीत."

त्यानं तेलकट बोटांचा त्रिकोण केला. त्यातून त्याचा एक डोळा दिसत होता, लाल, ओला, आणि तिच्यावर खिळलेला.

"कुठला दिसतोय?" त्यानं हळूच विचारलं.

"उजवा. ठीक आहे तुमची नजर." ती एक पाऊल पुढं आली. "आकडा नखभर वर सरकवला असतात, तर पिस्तूल पास झालं असतं. पण तुम्ही नापास झाला असतात. मला कधी कळलंच नसतं, आणि मी दोहाला जाऊन आले असते, आणि… अब्बांनी जेवायला बोलावलंय."

"अब्बांनी," तो म्हणाला. हात अजून तसेच पुढं होते. "आणि तुम्ही?"

बाहेर खाला हाक मारत होती. नौशीननं त्याच्या हातांचा तो त्रिकोण आपल्या दोन्ही हातांनी मिटवला. दोन बोटांचाही नियम राहिला नाही.

"मी सहा महिने बोलावतेय," ती म्हणाली, "तुझंच लक्ष नव्हतं."

'तुझं' ऐकून ताबिश असा गोंधळला की टेबलावरची स्प्रिंग घरंगळून खाली गेली. दोघंही ती शोधायला वाकले. तिलाच सापडली. तिनं ती त्याच्या खिशात टाकली.

"ही तू ठेव. आणि उद्या पिस्तुलाला जुनी, कडक स्प्रिंग बसव. ऑक्टोबरात पुन्हा सामना आहे."

"बोटाला फोड येईल."

"येऊ दे," नौशीन म्हणाली, "तू आहेस ना बघायला."