चांदी खरवडलेला प्याला

७ ऑक्टोबर २०१७, शनिवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. दुशेतीजवळच्या तळ्याकाठी नव्या वाइनच्या उत्सवासाठी अठ्ठ्याऐंशी मेजे मांडली होती, आणि त्यांतील एकोणिसाव्या मेजापाशी शाल्वाच्या बाहीवर मांस भरून उकडलेल्या, मोदकासारख्या खिन्कालीतला सगळा गरम रस्सा सांडला.

"खिन्कालीकडे बघून खायचं असतं," मेजापलीकडून आवाज आला. "वाढणारीकडे बघून नाही."

"मी पारीच्या चुण्या मोजत होतो. एकोणीस आहेत."

"वीस. एक तुम्ही मोजता मोजता खाल्लीत."

तिचे नाव एलिसो. डोंगरातली, खेव्सुर जमातीची, वरच्या गावांत गुरांची डॉक्टर. शाल्वा सखल काखेतीतला, द्राक्षरसातील साखर मोजणारा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ. वय एकोणतीस, आणि मोजल्याशिवाय पुढचे पाऊल न टाकण्याची सवय.

मेज सांभाळणाऱ्या तिच्या आत्याने दोघांकडे पाहिले. "जा ग, फिरून ये. सकाळपासून पीठ मळते आहेस. आणि ह्यांना बाही धुवायला पाणी दाखव."

पाणी दाखवून झाले, तरी ती परतली नाही.

त्यांनी एकच प्याला घेतला — दुसरा हातात कशाला बाळगायचा, म्हणून. अर्धवट आंबलेली गढूळ, गोड माचारी प्यायली. अक्रोडाचे वाटण भरलेली वांगी खाल्ली. द्राक्षवेलीच्या काटक्यांवर मांस भाजले जात होते. त्या धुराने तिचे डोळे भरून आले, आणि शाल्वाने पुढे केलेल्या रुमालाला मघाच्या रश्श्याचा वास होता.

"ह्याने पुसू की चाटू?" ती म्हणाली.

पुढच्या मेजावरची वाइन त्याने जिभेवर घोळवली. "दोन दिवस उशिरा तोडलीत ही द्राक्षं."

"वाइन आवडली की नाही, तेवढं सांगा ना!"

"आवडली…"

"मग तेच आधी म्हणायचं. तुमच्याकडे आवडलेली गोष्ट सांगायलाही तपासणीचा अहवाल लागतो का?"

तो हसला. तिची गाडी सहाला वर डोंगरात जाणार होती. त्याआधी तिला विचारायचे, असे त्याने ठरवले. प्रश्न मनातल्या मनात तीनदा दुरुस्तही केला. तिच्या बोटांना लागलेले पीठ, अंबाड्यातून सुटलेली बट, प्याला परत देताना जरा जास्तच वेळ त्याच्या हाताला टेकलेला तिचा हात — साऱ्याचा अर्थ एकच निघत होता. तरीही त्याला आणखी एक खात्री हवी होती.

साडेचारला तिच्या तोर्ग्वाकाकाने दोघांना हाक मारली. झाडाखालच्या लांब मेजाचा तो तमादा होता; त्याने बोल उच्चारल्याखेरीज कुणीही प्याला ओठाला लावत नव्हते. भोवती बावीस नातलग बसले होते.

"एलिसो, दिवसभर तुझ्यामागे फिरणारा हा कोण?"

एलिसोने शाल्वाकडे पाहिले… आणि पाहतच राहिली.

एवढ्या लोकांत तिच्या नावाला बोल नको, शब्द सभ्य असावा, एवढाच विचार त्याच्या मनात आला. "काका, मला… मला ती बहिणीसारखी आहे."

मग तोर्ग्वाने टाळी वाजवली. "वा रे पठ्ठ्या! असं स्वच्छ बोलणारा माणूस सखल भागातही निघतो म्हणायचा!" त्याने कमरेचा खंजीर काढला, पट्ट्यावरची चांदी खरवडली आणि तिचे कण भरल्या प्याल्यात पाडून तो शाल्वाच्या हातात दिला.

ह्याचा अर्थ शाल्वा ओळखून होता. तिथे बसलेला प्रत्येक जण ओळखून होता. चांदीचे कण मिसळलेला प्याला ज्यांनी वाटून प्यायला, ती सख्खी भावंडे. डोंगरात अशा दोघांचे लग्न कोणी लावत नाही. ती दोघेही कधी मागत नाहीत.

"अजून हातातच आहे," एलिसो इतक्या हळू म्हणाली, की ते फक्त त्यालाच ऐकू गेले. "खाली ठेवा. काका रागावेल, चार शिव्या देईल. बस्स, तेवढंच."

त्याने तोंड उघडले. तीनदा दुरुस्त केलेला प्रश्न जिभेवर आला होता. पण बावीस जण उभे राहिले होते, आणि तोर्ग्वाचे डोळे आनंदाने पाणावले होते… शाल्वा प्यायला.

उरलेला अर्धा तिने एका दमात संपवला आणि प्याला उपडा करून दाखवला. सगळे ओरडले, कुणीतरी गाणे धरले.

गाडीपर्यंत तो तिच्यासोबत चालला.

"आता भाऊ झालास तर सांग," तिने विचारले. सकाळपासून त्याला हवेसे वाटणारे ते 'तू' असे आले. "माझ्यासाठी कसला नवरा बघशील?"

"वेळेवर बोलणारा."

"हो," ती म्हणाली. तिने त्याच्या बाहीवरचा वाळलेला डाग नखाने खरवडून पाहिला. तो निघाला नाही. "तसाच बघ."

गाडी वळणाआड गेल्यावरही शाल्वा तिथेच उभा होता. ती कुठल्या बाजूच्या खिडकीशी बसली, हे त्याने पाहिलेच नव्हते.

पुढच्या सप्टेंबरात एलिसोचे लग्न तिच्याच गावच्या एका शिक्षकाशी झाले. वऱ्हाड आले तेव्हा रीतीप्रमाणे वधूचे भाऊ दार अडवून उभे राहिले. सख्खे भाऊ तीन. दारात उभे होते चार.