मे महिन्यास मुदतवाढ मिळणेबाबत

कुंदाचं निंबाशी लग्न झालं. तूर्त ते झालंच नाही असं समजू; कारण १९९१च्या एप्रिलात तिला त्याचं तोंडही बघायचं नव्हतं.

ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, वाळत घालायला ती जळगावातल्या मेहरूणमधल्या आपल्या गच्चीवर गेली, तर निम्मी गच्ची मातीखाली. वरच्या खोलीतला नवा भाडेकरू, शिंदखेड्याचा निंबा, डोक्यावर टोपलं घेऊन उभा.

"काय हो निंबाभाऊ, शेत घेतलं का?"

"खोलीची भट्टी शे, कुंदाताई. वर हिरवळ असली की ऊन वरच्यावर अडतं."

"आणि माझ्या बिबड्या?"

"माझ्या खोलीत घाला... जेवणाआधी वाळतील."

पंधरा दिवसांत एक पान उगवलं नाही. कुंदाने चिमूटभर माती जिभेला लावली. खारट. गावी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, दरवर्षी घालतात तीच खारी माती त्याने सवयीने आणली होती. गवत उगवू नये म्हणूनच ती घालतात.

"बाग छान आलीये," ती म्हणाली. "मीठ मात्र जास्त पडलं."

त्याचे कान लाल झाले. ते तिने पाहिलं. पाहायची काही गरज नव्हती.

मग काळी माती आली. तिने घोळीच्या भाजीच्या काड्या टोचल्या, दोघांनी आळीपाळीने पाणी घातलं. घोळ पसरली, खोली निवली.

पण कुंदाचे वडील रुपचंदनाना वैतागले. "लोक विचारतात, नांगर कोणत्या जिन्याने चढवला? काढा ते."

"नाना, माती गेली तर मीही जाईन. धुळ्याला बदली मागतो."

कुंदाच्या हातातली झारी तिरपी झाली. पाणी नानांच्या चपलेत.

नानांनी अट घातली. शनिवारी दुपारी दोनला घोळीखालची खोली शेजारच्या, उघड्या छताच्या खोलीपेक्षा पाच अंशांनी गार निघाली, तर माती राहील. कुंदाने कॉलेजातून दोन थर्मामीटर आणले. रोज सहाचा फरक येत होता.

शनिवारी गार खोलीची कीर्ती ऐकून गल्लीतली अकरा माणसं तिथे येऊन बसली. दोघं घोरू लागले. खोली तापली. कुंदाने पारा पाहिला... एकोणचाळीस.

जिन्यातून नाना ओरडले, "हं, आकडे बोला."

"सदतीस," कुंदा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने पाऱ्याच्या तोंडावर खोटं सांगितलं.

भिंतीपलीकडून निंबा – "त्रेचाळीस."

नानांनी बोटांवर हिशेब केला. "सहा. राहू द्या माती."

माणसं पांगल्यावर ती गच्चीवर गेली. तो घोळ खुडत होता.

"मी दोन अंश खोटं बोलले."

"मी एक."

"कशासाठी?"

"धुळं लई लांब शे... कुंदा."

ताई कुठे गेली, हे तिने विचारलं नाही. "घोळ निवडून दे, निंबा," एवढंच म्हणाली. भाऊ तिचाही गळला होता.

पुढच्या आठवड्यात, मे सरता सरता, आभाळ भरून आलं, तेव्हा दोघांनी एक अर्ज केला:

"मा. जिल्हाधिकारी, जळगाव यांस. पावसाळ्यात तापमान मोजण्याचे प्रयोजन उरत नाही, व खालील अर्जदारांस दुपारी दोन वाजता गच्चीवर उभे राहण्यास अन्य सबळ कारण नाही. तरी चालू मे महिना अर्जदारांची पुढील व्यवस्था होईपर्यंत सुरू ठेवण्याचे आदेश व्हावेत, ही विनंती."