उन्हाची बाजू

भर उन्हात, भर रस्त्यात तिची भाड्याची एसी गाडी बंद पडली. चालक बॉनेटमध्ये डोकं घालून उभा, आणि मागे गुलाब माना टाकायला लागले. हॉटेलची फुलं आज चुकली असती, तर एवढ्या हौसेनं चालवायला घेतलेलं मावशीचं दुकान आठवडाभरात गुंडाळावं लागलं असतं. तेवढ्यात एक जुनाट व्हॅन शेजारी येऊन थांबली.

"चढवा फुलं," आतला म्हणाला. "एसी नाही हं."

"मग सुकतील की."

"फुलांचं मी बघतो. तुमचंच तोंड सुकलंय..." आणि त्यानं पाण्याची बाटली पुढे केली.

जिभेचा फटकळ, पण हाताला काय वळण होतं! आधी सगळी दारं उघडून आतली वाफ घालवली. तापलेल्या सीटवर पांढरी चादर टाकली. पुढची तिच्याकडची काच खाली, मागची त्याच्याकडची खाली, की वारा तिरका आरपार. गुलाबांवर ओलं फडकं. आणि तिच्या मानेला वेगळा ओला रुमाल, नीट पिळून, घडी घालून. पुरुषाला इतकं सुचतं, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

मग रोज सकाळी तीच व्हॅन यायला लागली. गुलाब टवटवीत पोचायचे. तीही.

मावशीच्या डोळ्यांत ते खुपलं. "जाताना तळ्याकडून वळसा, येताना मात्र नाकासमोर सरळ. मला काय कळत नाही? मिरवतोय तुला. उद्यापासून दुसरी एसी गाडी सांगितलीय मी. आज सांगून टाक त्याला."

वळसा तिलाही दिसत होता. आवडायचा, म्हणून तिनं त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी फाट्यावर ती म्हणाली, "आज जवळच्या रस्त्यानं घ्या."

"तळ्याकडे वारा बरा असतो..."

"वारा खायला नेता, की मला मिरवायला? मावशी विचारतेय."

त्याचे कान लाल झाले. त्यानं गाडी जवळच्या रस्त्याला घातली — आणि ऊन थेट तिच्या अंगावर आलं. जसं काही चुलीच्या तोंडाशी बसवलंय. डोळे मिटून तिनं मान फिरवली, आणि उघडले तेव्हा समोर त्याचे दोन हात. डावा गव्हाळ. खिडकीकडचा उजवा करपून काळा, जणू दुसऱ्याच कुणाचा.

"तळ्याच्या रस्त्याला ऊन कुठल्या बाजूला असतं हो?"

"असतं... कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे या हातावर."

"तुम्हाला चक्कर आली, तर फुलं कोण लावणार तिथं?"

"खोटं बोलताना माझ्याकडे बघा जरा."

"तुमच्याकडे बघितलं तर फुलं नाल्यात जातील." त्यानं गिअर बदलला. "...तुम्ही शेजारी बसता, म्हणून. झालं? आता सांगा मावशीला."

येताना मानेवरचा रुमाल तिनं ओला करून पिळला आणि हलकेच त्याच्या काळ्या हातावर गुंडाळला. त्यानं हात काढून घेतला नाही.

मावशी कमरेवर हात ठेवून दारातच उभी होती. "सांगितलंस?"

"सांगतेय." ती खिडकीशी वाकली. "उद्या जाताना जवळचाच रस्ता. ऊन माझ्याकडे. येताना तुझ्याकडे. निम्मं-निम्मं..."

'तुझ्याकडे' ऐकून तो गाडी सुरू करायचंच विसरला.

मावशीनं तो रुमाल बघितला, भाचीचं तोंड बघितलं. "आणि त्या एसीवाल्याला मी काय सांगू?"

"सांग, आम्हाला उकडत नाही."